वडिलांचे पुठ्ठे रद्दीत गेले. ती नक्षी आता कुठेच नाही का?

पूर्वभागकर

दिवाळीत घर आवरताना धाकट्या भावाने माळ्यावरचे जकार्डचे (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राचे) पुठ्ठे रद्दीवाल्याला देऊन टाकले. पाच गठ्ठे होते. वाळवी लागली होती, त्यामुळे त्याला बोल लावत नाही.

वडील सोलापुरात चादरीच्या कारखान्यांना डिझाइन काढून पुठ्ठे पंच करून द्यायचे. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आधी ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून नक्षी काढायची. मग बाण्याच्या, म्हणजे आडव्या, एका धाग्याला एक पुठ्ठा. पुठ्ठ्यात भोक असेल तिथे हूक वर जातो आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो, भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. असे सगळे पुठ्ठे ओळीने दोरीत ओवायचे. मोर, कमळ, वेलबुट्टी, सगळं फक्त ‘भोक आहे’ आणि ‘भोक नाही’ यातून उमटतं.

पाचातल्या चार गठ्ठ्यांच्या चादरी विणल्या गेल्या, विकल्या गेल्या. पाचवा मागावर कधी चढलाच नाही. ज्यांच्यासाठी केला त्यांनी कारखाना बंद केला. ग्राफ आधीच गेला होता, आता वडीलही नाहीत. मधे एक मोठं गोल होतं आणि काठाला वेल, एवढंच मला आठवतं.

माहिती नष्ट होऊ शकते का? माझं उत्तर ‘हो’ आहे. ती नक्षी होती हे ठाऊक असलेले आम्ही दोघेच भाऊ. आमच्यानंतर ती हरवली हेसुद्धा कुणाला कळणार नाही. मला जास्त लागतं ते हेच.

ऊर्जाअक्षय

दादा, तुमचं दुःख कळतं, पण उत्तराशी सहमत नाही. भौतिकशास्त्राच्या मूळ नियमांत माहिती पुसली जात नाही. आजची स्थिती पूर्ण ठाऊक असेल तर कालची काढता येते. पुठ्ठ्यांचा लगदा झाला असेल, तरी प्रत्येक भोकाचा काही ना काही परिणाम त्या लगद्यात, पाण्यात, यंत्राच्या उष्णतेत गेलेला आहे. रोल्फ लँडाउअर यांनी 1961 साली दाखवलं की एक बिट, म्हणजे ‘आहे’ की ‘नाही’ एवढीच माहिती, पुसायचा तर ठरावीक किमान उष्णता बाहेर टाकावीच लागते. म्हणजे पुसणं हेही फुकट होत नाही, त्याची खूण आसपास राहते. 2007 साली सॅम्युएल ब्राउनस्टाइन आणि आपले अरुण पती यांनी सिद्ध केलं की क्वांटम माहिती एका ठिकाणाहून नाहीशी झाली तर ती भोवतालात गेलेली असते, मधल्यामधे गायब होत नाही.

सगळ्यात मोठी शंका कृष्णविवराची होती. कृष्णविवर विरून गेलं की आत पडलेली माहिती कायमची जाते, असं भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांनी 1976 साली मांडलं. 1997 मध्ये त्यांनी आणि किप थॉर्न यांनी जॉन प्रेस्किल या दुसऱ्या भौतिकशास्त्रज्ञाशी तशी पैजही लावली. 2004 मध्ये डब्लिनच्या परिषदेत हॉकिंगनी हार मानली आणि पैजेप्रमाणे प्रेस्किलना बेसबॉलचा कोश दिला. कृष्णविवरसुद्धा गिळू शकत नाही ते रद्दीवाला काय गिळणार?

साखरपेठ

थॉर्ननी तेव्हा हार मानली नव्हती, हेही सांगा. बहुतेक शास्त्रज्ञ आज ‘माहिती टिकते’ या बाजूचे आहेत हे खरं, पण नेमकी कशी बाहेर येते यावर अजून एकमत नाही.

पूर्वभागकर

ऊर्जाअक्षय, तुमचं सगळं मान्य केलं तरी माझा प्रश्न सुटत नाही. तुमच्या हिशोबाने अख्ख्या गठ्ठ्यात जेवढी माहिती होती तेवढीच आज त्या लगद्यात आणि वाफेत आहे. मग जपलेला गठ्ठा आणि मोडीत गेलेला गठ्ठा यात फरक काय राहिला? काहीच नाही. आणि फरक तर डोळ्यांसमोर आहे. ज्या शब्दाला हा फरक पकडता येत नाही, तो शब्द मी विचारतोय त्या गोष्टीबद्दल बोलतच नाही. वडिलांनी दोन-दोन महिने मान मोडून भोकं पाडली ती कुणीतरी चादर विणावी म्हणून. माग चालवेल अशी ती माहिती होती, आणि ती गेली.

पाणीवेस

हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. सांख्य म्हणतात, कार्य कारणात आधीपासून असतंच, नाश म्हणजे पुन्हा कारणात लीन होणं. ऊर्जाअक्षय त्यांच्या पंक्तीला बसतात. नैयायिक, म्हणजे न्याय दर्शनाचे लोक, ते मानत नाहीत. घडा फुटला की प्रध्वंसाभाव, म्हणजे नाशानंतरचं नसणं, सुरू होतो, आणि या अभावाला सुरुवात असते, शेवट नसतो. तीच खापरं दळून नवा घडा केलात तरी तो दुसरा घडा.

मी नैयायिकांच्या बाजूचा आहे, म्हणजे पूर्वभागकर, तुमच्याच. पण पहिल्या पोस्टच्या शेवटी तुम्ही म्हणालात, ‘हरवली हेसुद्धा कुणाला कळणार नाही’, त्यातली खंत मला पटत नाही. अभाव नेहमी कशाचा तरी असतो, त्या ‘कशाचा’ला ते प्रतियोगी म्हणतात. ती नक्षी आज नाही, हे सत्य त्या एकाच नक्षीबद्दलचं आहे, आणि ते कुणाला ठाऊक असण्यावर अवलंबून नाही. तुम्ही दोघे नसाल तेव्हाही ‘ती होती’ हे खोटं होणार नाही. नष्ट होते ती वस्तू. ती होऊन गेली ही गोष्ट नष्ट होत नाही.

कुडलवारी

मी तिसऱ्या बाजूने येते. वाचणारा नसणं आणि माहिती नसणं यात आपण गल्लत करतोय.

दक्षिण सोलापुरात हत्तरसंग कुडलला भीमा आणि सीनेचा संगम आहे. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा मराठी लेख आहे. ‘वाछि तो विजेयां होईवा’, जो वाचेल तो विजयी होईल. किती पिढ्या त्या तुळईखालून नमस्कार करून गेल्या असतील. आपल्या सोलापूरच्या आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मान वर करून अक्षर अक्षर लावत होते, आणि ‘वाछि’ लागलं तेव्हा अंगावर काटा आला. न वाचलेल्या काळात तो लेख नव्हता असं म्हणणार का?

ब्राह्मीचंही तेच. फिरोजशहा तुघलकाने चौदाव्या शतकात अशोकाचे खांब दिल्लीला आणले तेव्हा ते कुणालाच वाचता आले नाहीत. 1837 मध्ये जेम्स प्रिन्सेपने लिपी उलगडली आणि अशोक पुन्हा बोलायला लागला. म्हणून ‘गेली’ म्हणायची घाई करू नये.

साखरपेठ

ताई, तिथे दगड शाबूत होता. प्रिन्सेपला खांबाचा चुरा दिला असता तर?

कुडलवारी

तर नसतं वाचता आलं. ते मान्य. पण मग नष्ट होण्याची रेषा कुठे आखायची ते सांगा. अर्धा खांब? एक अक्षर? आमच्या घरी रुमालात बांधलेली मोडी कागदपत्रं आहेत, घरात कुणालाच मोडी येत नाही. मी शिकायला लागले आहे. महिन्याभरापूर्वी ती माझ्यासाठी नुसती शाई होती.

ऊर्जाअक्षय

पूर्वभागकर, तुमच्या मुद्द्यावर दोन दिवस विचार केला. ‘तत्त्वतः परत मिळवता येते’ या वाक्यावर मी जरा जास्तच भार टाकला. लगद्याचा कण न् कण मोजू शकेल असा कुणी नाही, आणि उष्णतेबरोबर बाहेर पडलेला प्रकाश तर कुणाच्याही हाती लागणार नाही. विश्वात माहिती टिकते या मतावर मी ठाम आहे. पण ती तुमच्या कामाची नाही, हे मी आधीच म्हणायला हवं होतं.

विडीघरकुल

दादा, मला तत्त्वज्ञानातलं फार कळत नाही. चार गठ्ठ्यांच्या चादरी निघाल्या म्हणता, त्यात मोराची होती का? आईच्या लग्नातली एक आमच्याकडे आहे, लाल आणि पांढरी. एका मोराचा पाय मधेच तुटलाय. आई म्हणायची, विणणाऱ्याची चूक.

पूर्वभागकर

ताई, विणणाऱ्याची नाही, ती वडिलांची. एका पुठ्ठ्यात एक भोक पाडायचं राहिलं होतं. चादरी बाजारात गेल्यावर लक्षात आलं, आणि ते शेवटपर्यंत ती गोष्ट काढायचे. तुमच्या चादरीतले धागे मोजले तर तो अख्खा गठ्ठा पुन्हा पंच करता येईल, चुकलेल्या भोकासकट. म्हणजे तो गठ्ठा नष्ट झालाच नाही, पुठ्ठ्यातून निघून तुमच्या कपाटात येऊन बसला. कुडलवारी ताईंनी रेषा विचारली होती. माझी रेषा इथे आहे: मोजायला धागा उरला असेल तर आहे, नसेल तर नाही. पाचव्याबद्दल माझं मत म्हणून बदलत नाही.

पाणीवेस, ‘ती होती हे खोटं होणार नाही’ हे मी भावाला वाचून दाखवलं.

ताई, चालत असेल तर रविवारी पिक ग्लास (धागे मोजायचं भिंग) घेऊन येतो. तोवर चादरीला इस्त्री करू नका, धागे दबले की मोजताना चुकतात.