मदत हवी आहे: उभे राहताच रक्तदाब उतरतो, औषधाच्या चाचणीत भाग घ्यावा का?

माझे वडील कुडाळ तालुक्यात राहतात. त्यांना पार्किन्सन्स आहे आणि त्यामुळे उठून उभे राहताच रक्तदाब उतरतो. आडवे असताना वरचा आकडा 150 च्या आसपास असतो. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत तो शंभराखाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी आल्याने ते पडवीचा खांब धरून थांबतात. (20 ची घटही डॉक्टर या विकारात धरतात.)

सध्या मिडोड्रिन चालू आहे. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि दिवस निभावतो. डोक्याला खाज सुटते, तेवढे ते चालवून घेतात. मात्र आडवे झाल्यावर दाब फार चढू नये म्हणून शेवटची गोळी झोपेच्या किमान चार तास आधी घ्यावी लागते, त्यामुळे पहाटे लघवीला उठताना तिचा आधार उरलेला नसतो, आणि ते पडतात ते नेमके तेव्हाच.

मुंबईतील एका रुग्णालयाने नव्या औषधाच्या चाचणीविषयी विचारले आहे. आधी मिडोड्रिन बंद करायचे, मग सर्वांना नवे औषध द्यायचे, आणि ज्यांना गुण येईल त्यांच्यापैकी निम्म्यांना पुढे तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी द्यायची, असा आराखडा आहे. अशा गोळीचे प्रयोजन मला पटते, कारण हा रक्तदाब पाण्याने, मिठाने, उकाड्याने, इतकेच काय दुपारच्या भातानेही खालीवर होतो. मिडोड्रिनला अमेरिकेत 1996 मध्ये मान्यता मिळाली, पण आकडा वाढल्याने रुग्णाचे रोजचे जगणे सुधारते का, हे दाखवणारे अभ्यास पूर्ण न झाल्याने 2010 मध्ये ती मागे घेण्याचा प्रस्ताव तेथील औषध प्रशासनाने मांडला होता. म्हणून या चाचणीत केवळ आकडा मोजणार, की चक्कर आणि पडणेही नोंदवणार, हे मी विचारणार आहे.

खरी धास्ती आहे ती जुने औषध बंद असतानाच्या दिवसांची. मे महिन्याच्या घामात ते दिवस घरी काढावेत, की रुग्णालयात राहण्याचा आग्रह धरावा? प्रोस्टेटसाठी ते टॅमसुलोसिन घेतात, तेही दाब उतरवते. अशा रुग्णाला चाचणीत घेतात का? कोकणकन्येचा रात्रभराचा प्रवास करून आल्यावर लगेच घेतलेली मोजणी ग्राह्य धरावी का? चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार आणि भरपाई मिळण्याची तरतूद 2019 च्या नियमांत आहे, पण गुण आलेले औषध चाचणी संपल्यावर पुढे मिळेल का, याविषयी संमतिपत्रात एक ओळही नाही.

अशा चाचणीत घरचे कोणी सहभागी झाले असल्यास, किंवा आपण या क्षेत्रातील डॉक्टर असल्यास, कृपया सविस्तर लिहावे. अंतिम निर्णय आम्ही त्यांच्या नेहमीच्या न्यूरॉलॉजिस्टना विचारूनच घेऊ.