शब्दचर्चा: ‘मात्रा’ म्हणायचं की ‘डोस’?

प्रश्न: कर्करोगावरच्या एका उपचार-चाचणीचं (क्लिनिकल ट्रायलचं) संमतिपत्र मराठीत आणतेय. ‘रेडिएशन डोस’ला ‘किरणोत्सर्गाची मात्रा’ लिहिलं, तर सहकारी म्हणाले, मात्रा म्हणजे सहाणेवर उगाळून मधातून चाटवतात ती! मग ‘डोस’च ठेवू का? आणि ‘फ्रॅक्शन’ला, म्हणजे एका वेळी देतात त्या किरणांच्या हप्त्याला, कोशात ‘अपूर्णांक’ आहे.

उत्तर: ताई, मी रेडिओथेरपीत भौतिकतज्ज्ञ आहे. ‘अपूर्णांक’ कृपा करून काढाच. ‘बैठक’ लिहा. पेशंट तर ‘आज सतरावी लाईट झाली’ असंच सांगतात. ‘किरणोत्सर्ग’ही नको. लिनॅकमध्ये, म्हणजे किरण देणाऱ्या विजेवरच्या यंत्रात, किरणोत्सारी पदार्थ नसतो, वीज बंद केली की किरण थांबतात. ‘किरणोपचार’ बरोबर.

‘मात्रा’ मला आवडतो, पण नुसता पुरत नाही. औषधाची मात्रा म्हणजे दिलेलं औषध. किरणांची मात्रा म्हणजे शरीरानं शोषलेली ऊर्जा: १ किलो ऊतीत १ ज्यूल मुरली की १ ग्रे. गाठीत मीटर ठेवून ती सहसा कोणी मोजत नाही, आकडा गणितातून येतो. म्हणून गणित कसं केलं हे सांगावंच लागतं.

अमेरिकेतल्या आरटीओजी या किरणोपचार संशोधन गटाच्या ०२३६ क्रमांकाच्या, फुप्फुसाच्या कर्करोगावरच्या चाचणीत ३ बैठकांत ६० ग्रे नेमले होते. पण तो हिशेब फुप्फुसही पाण्याइतकंच दाट आहे असं धरून केलेला. आत तर हवा! घनतेचा फरक धरून पुन्हा हिशेब केला तर आकडा ५४ च्या आसपास आला. पेशंट तेच, किरण तेच. पुढच्या चाचण्यांत म्हणून ५४ च लिहू लागले. हा फरक न कळता कुणी जुना ६० नव्या गणितानं दिला, तर पेशंटला खरोखरच जास्त किरण बसतील. मला याचीच धास्ती वाटते.

प्रश्न: म्हणजे ‘नेमलेली मात्रा’ आणि ‘शोषित मात्रा’ वेगळे ठेवू?

उत्तर: हो, आणि अहवालात ‘मध्यक मात्रा’ आली तर तिला ‘सरासरी’ करू नका. आयसीआरयू या किरण-मोजमापाचे नियम सुचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१० च्या ८३ व्या अहवालानं गाठीच्या निम्म्या भागाला निदान किती पोचलं तो आकडा, म्हणजेच मध्यक मात्रा, द्यायला सांगितलंय, सोबत ९८ आणि २ टक्के भागाचेही.

आणखी एक उत्तर: एकूण ग्रेसोबत बैठका लिहाच. ब्रिटनच्या स्टार्ट-बी चाचणीत स्तनाच्या कर्करोगाला २५ बैठकांत ५० आणि १५ बैठकांत ४० ग्रे अशी तुलना होती. नुसतं ४० वाचून बाईला वाटेल, आपल्याला कमी उपचार मिळतोय. दर बैठकीला २ ऐवजी २.६७ ग्रे बसतात, हे तिला कळायला हवं.

प्रश्न: मग असं लिहिते: ‘तुम्हाला १५ बैठकांत मिळून ४० ग्रे इतकी किरणांची मात्रा नेमली आहे. ग्रे हे शरीरानं शोषलेल्या किरणऊर्जेचं माप आहे.’

उत्तर: छान. फक्त ‘दर बैठकीला सुमारे २.६७ ग्रे’ हेही घाला.