आधी तासांचं बिल होतं का ते बघा

स्टुडिओच्या कामासाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, या प्रश्नावर वर सगळे फीचर्सची तुलना करताहेत, पण चार-पाच जणांच्या डिझाइन स्टुडिओत खरी गळती होते ती तास आणि बिल यांच्या मधे. आमच्याकडे तिसऱ्या फेरीतल्या दुरुस्त्यांचे तास वेळ नोंदवायच्या ट्रॅकरमध्येच पडून राहायचे, बिलात यायचेच नाहीत, कारण क्लायंटचं नाव तिथे एका स्पेलिंगने आणि अकाउंटिंगमध्ये दुसऱ्याच. जोडणी होती, जुळणी नव्हती! आता प्रत्येक कामाला एकच जॉब नंबर, सगळीकडे तोच.

'इंटिग्रेशन आहे', म्हणजे दोन सॉफ्टवेअर एकमेकांना जोडलेली आहेत, एवढ्यावर भुलू नका. डेटा एकाच दिशेने जातो की दोन्ही, ते विचारा. एका सॉफ्टवेअरमधला डेटा आपोआप दुसऱ्यात नेणारा झॅपियरसारखा मध्यस्थ चालतो, फक्त त्याचे टास्क (आपोआप झालेली प्रत्येक कृती म्हणजे एक टास्क) महिन्याला मोजून मिळतात. आणि ट्रायलमध्येच सगळा डेटा सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाइल) काढून बघा. आमच्या एका सॉफ्टवेअरने प्रोजेक्टची नावं दिली, तास दिलेच नाहीत.