पॅसिफिका घे, पण सेटअप नेकपासून सुरू कर
इलेक्ट्रिक गिटार यामाहाची पॅसिफिका ११२व्ही घेऊ की फेंडरच्या स्वस्त ब्रँडची स्क्वायर असं विचारलंयस, मी पॅसिफिकाच म्हणेन, ब्रिजला (तारा बॉडीवर जिथे टेकतात तिथे) हंबकर, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा दोन कॉइलचा पिकअप आहे आणि टोनचा नॉब वर ओढला की तो सिंगल कॉइलसारखा वाजतो, त्यामुळे ब्लूज, रॉक सगळं एकाच गिटारवर निघतं. घरी आणल्यावर पहिल्या काही फ्रेट्सवर (धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) तारा बझ झाल्या, म्हणजे झणझणल्या, तर लगेच सॅडल (ब्रिजवरचे तारांचे टेकू) वर करू नकोस रे, आधी नेक, म्हणजे गिटारची मान बघ! पहिल्या फ्रेटला कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लाव, तार शेवटच्या फ्रेटला दाब, आठव्यापाशी तार आणि फ्रेटमध्ये पाव मिमीच्या आसपास फट हवी, फटच नसेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळई) थोडासाच सैल कर, पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही, आणि परत ट्यून करून बघ. ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेट्सपासूनची उंची, त्यानंतर. इंटोनेशन (वरच्या फ्रेट्सवरही सूर बरोबर लागणं) सगळ्यात शेवटी आणि नव्या तारांवरच, बाराव्या फ्रेटचा सूर हार्मोनिकपेक्षा (तिथेच तार न दाबता नुसता स्पर्श करून निघणाऱ्या सुरापेक्षा) चढा लागला तर सॅडल मागे, नेकपासून लांब घ्यायचं.