शब्दचर्चा: 'व्हेटरन्स सिमेट्री ग्रँट'ला मराठीत काय म्हणायचं?

डॅलसकर
मंडळातल्या ज्येष्ठांसाठी इथल्या सरकारी योजनांची मराठी पुस्तिका करतोय. आपल्यातल्या काही घरांतली मुलं अमेरिकन आर्मीत राहून बाहेर पडलीत, म्हणून एक पान माजी सैनिकांच्या अंत्यविधीच्या सोयींवर आहे. त्यात १९७८ च्या कायद्याने सुरू झालेली एक योजना येते. राज्याने माजी सैनिकांसाठी सिमेट्री बांधली, वाढवली किंवा सुधारली तर केंद्राचं व्हेटरन्स अफेअर्स खातं पैसे देतं. आधी निम्मा खर्च मिळायचा, १९९८ मध्ये कायदा बदलला तेव्हापासून बांधकामाचा १०० टक्के मिळू शकतो. मी लिहिलं 'माजी सैनिक दफनभूमीसाठी १०० टक्के अनुदान'. प्रुफं बघणारे काका नांदेडकडचे निवृत्त मुख्याध्यापक, ते म्हणाले म्हणजे माळ्याच्या पगारापासून सगळं केंद्र बघणार का. तसं तर नाहीये. जागा राज्याची, आणि बांधून झाल्यावर वर्षानुवर्षं चालवायचंही राज्यानेच. मग 'अनुदान' शब्द इथे चालेल का?

चाळीसगावचा मास्तर
काकांचं शंभर टक्के बरोबर आहे. आमच्याकडे शाळा 'शंभर टक्क्यांवर आली' म्हणजे सगळ्यांचे पगार सुरू. वीस टक्के, चाळीस टक्के, टप्पा अनुदान, विनाअनुदानित, यात माणसांची अर्धी आयुष्यं गेलीत. हा शब्द वाचला की दरमहा येणारा पैसाच डोळ्यासमोर येतो. तुम्ही सरळ 'बांधकाम निधी' लिहा.

ठिबकवाला
मास्तर, शाळेच्या बाहेर पण अनुदान असतंय. ठिबकचं अनुदान एकदाच मिळतं, पुढे नळ्या उंदरांनी कुरतडल्या तर सरकार विचारत पण नाही. शेतकऱ्याला अनुदान म्हणजे एकदाचंच कळतं. आणि आधी खिशातून घाला मग खात्यात जमा होणार, हे पण त्यातच आलं. तुमच्या अमेरिकेत तसंच आहे का?

डॅलसकर
बरंचसं तसंच. आराखड्याचा खर्च राज्य आधी करतं, ग्रँट मंजूर झाली की तो भरून मिळतो. सुरुवातीची यंत्रसामग्री पण ग्रँटमध्ये बसते, कबरी खोदायची मशीन वगैरे. शिवाय पुढे राज्याने फी न घेता पुरलेल्या प्रत्येक पात्र माजी सैनिकामागे केंद्र ठरावीक रक्कम देतं, तो भत्ता वेगळा. आणि ती जागा नंतर दुसऱ्याच कामाला वापरली तर केंद्र पैसे परत मागू शकतं. म्हणून नुसतं 'निधी' पण मला गुळमुळीत वाटतंय, निधी कशाचाही असतो.

शब्दवेडी
'अर्थसाहाय्य' हा इतका चांगला शब्द असताना ग्रँट ग्रँट काय चाललंय? परकी शब्द पचवायला हरकत नाही पण आपला शब्द कपाटात ठेवून उसना कशाला आणायचा.

चाळीसगावचा मास्तर
ताई, झेडपीच्या कुठल्याही ऑफिसात 'ग्रँट आली का' असंच विचारतात, 'अर्थसाहाय्य आलं का' म्हणणारा मी तरी बघितला नाही. तो शब्द फक्त जीआरमध्ये राहतो. लोक बोलतात ती मराठी नाही का?

खडकीकर
ग्रँटचं तुम्ही बघून घ्या, मला 'सिमेट्री'बद्दल बोलायचंय. आमच्या खडकीत आहे ती वॉर सिमेट्री, रिक्षावाल्यालाही तेच सांगावं लागतं. 'युद्ध दफनभूमी' म्हटलं तर तो बघत बसेल. पश्चिम आणि मध्य भारतात दुसऱ्या महायुद्धातल्या ज्या कबरींची कायमची निगा राखणं शक्य नव्हतं त्या तिथे आणल्या. हिरवळ आणि दगड बघून यावेत इतके नीट ठेवलेत. तो खर्च कॉमनवेल्थच्या कमिशनकडून होतो, त्यात भारत सरकारचाही छोटा वाटा असतो.

डॅलसकर
खडकीची गोष्ट वेगळी आहे, तिथे युद्धकाळात गेलेले आहेत. इथल्या राज्यांच्या सिमेट्रीत बहुतेक जण म्हातारपणी घरी किंवा दवाखान्यात गेलेले, कुणी स्वयंपाकी होता, कुणी मेकॅनिक. सोबत बायको किंवा नवराही. टेक्सासमध्ये किलीन, मिशन, ॲबिलीन, कॉर्पस क्रिस्टी इथे राज्याच्या अशा सिमेट्री आहेत. म्हणून 'वीरभूमी', 'हुतात्मा' हे शब्द मी मुद्दाम टाळलेत. आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा 'माजी सैनिक' हाच बरोबर.

शब्दवेडी
मग स्मशानभूमी का नको? यास्काने निरुक्तात श्मशान म्हणजे 'श्मशयन' असं सांगितलंय, श्म म्हणजे शरीर, ते निजतं ती जागा. सिमेट्रीचा मूळ ग्रीक शब्दही निजायच्या जागेचाच आहे. जाळणं दोन्हीत कुठेच नाही!

लातूरकर
व्युत्पत्ती कितीही बरोबर असू द्या, आमच्याकडे स्मशान म्हटलं की सरणच. लिंगायत लोक पुरतात, आम्ही 'रुद्रभूमी' म्हणतो. पण ते अमेरिकेत लावू नका, तिथे सगळ्या धर्मांचे लोक आहेत.

डॅलसकर
तोच घोळ आहे. दगडावर धर्मचिन्ह निवडता येतं, ॐ पण आहे त्या यादीत. आपल्याकडचा असला तर दहनच करतील आणि अस्थींचा कलश तिथल्या भिंतीतल्या चौकोनी खणात ठेवतील, बाहेरून नावाची पाटी. मग 'दफनभूमी' कशी म्हणू? २००६ पासून मूळ अमेरिकन जमातींच्या सरकारांनाही ही ग्रँट मिळते, रोझबड सू जमातीने दक्षिण डकोटात बांधलीय. प्रत्येकाच्या रीती वेगळ्या. सगळ्यांना पुरेल असा एक शब्द हवाय.

मालवणी माणूस
भिंतीतल्या खणाला 'कोनाडा' म्हणा की. अस्थिकोनाडा. झालं.

लातूरकर
कोनाड्यात आम्ही तेलाची बाटली आणि चाव्या ठेवतो, तिथे अस्थी कशा ठेवणार? 'देवळी' म्हणा, देवळीत दिवा लावतात.

मालवणी माणूस
अहो कोनाडा नि देवळी एकच ना? आमच्या घरात माजघरातला कोनाडा आणि पडवीतली देवळी, आकार तोच, फक्त देवळीला वर कमान.

ठिबकवाला
खानदेशात दोघांना कोनाडाच म्हणतात, कमान असो नसो.

शब्दवेडी
देवळी म्हणजे लहान देऊळच, 'देवकुल'पासून आलेलं. कमानीशी त्याचा काही संबंध नाही.

लातूरकर
संबंध कसा नाही? कमान नसेल तर आमची आजी त्याला देवळी म्हणायचीच नाही.