पेम्ब्रोलिझुमॅबवर एसजीओटी वाढलंय: लिव्हर की स्नायू?

डेकेअर_सिस्टर:
फुप्फुसाचा कॅन्सर, वय ६३, वजन ६० किलो. पेम्ब्रोलिझुमॅब (प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं इम्युनोथेरपीचं औषध) २०० मिग्रॅ दर २१ दिवसांनी, उद्या तिसरा डोस. लिव्हरच्या तपासणीतली एन्झाइम्स: एसजीओटी २१०, एसजीपीटी ९५, बिलिरुबिन नॉर्मल. मांड्या भरून येतात, खुर्चीतून उठताना हाताचा टेकू लागतो. कालपासून डावी पापणी जड. कोलेस्टेरॉलची ॲटोर्व्हास्टॅटिन जुनीच चालू आहे. लिव्हरला सूज समजून डोस आठवडाभर पुढे ढकलायचा का?

ऑन्को_फिजिशियन:
डोस थांबवा, पण लिव्हर म्हणून नाही. एसजीओटी स्नायूंतही भरपूर असतं. ते एसजीपीटीच्या दुप्पट आणि बिलिरुबिन नॉर्मल, म्हणजे आधी सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) पाहायचं. जीजीटीही (लिव्हरचं एन्झाइम) लावा, ते स्नायूंतून येत नाही. पहिल्या दोन-तीन डोसांतच या औषधाने होणारा मायोसायटिस (स्नायूंची सूज) डोकं वर काढतो, त्यामुळे वेळही जुळते. स्टॅटिनही स्नायूंना त्रास देऊ शकतं, ते आजच बंद.

पापणी मात्र मला जास्त खटकते. मायोसायटिस, मायस्थेनिया (नसांचा संदेश स्नायूंपर्यंत नीट न पोचल्याने येणारी कमजोरी) आणि हृदयाच्या स्नायूची सूज ही तिन्ही एकत्र येऊ शकतात, आणि जीव जातो तो हृदयामुळे किंवा श्वासामुळे. पेशंटला आजच ॲडमिट करा. ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन), टू-डी इको. ट्रोपोनिन 'आय' मागा; 'टी' सुजलेल्या हातापायाच्या स्नायूंमुळेही वाढतं आणि गोंधळ उडतो.

न्यूरो_रेसिडेंट:
ऑक्सिमीटरवर विसंबू नका. श्वासाचे स्नायू थकले तरी सॅच्युरेशन बराच वेळ ९७-९८ दाखवतं, तोवर कार्बन डायऑक्साइड साचत जातो. एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला लावा. २० च्या आत अडखळला तर एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोराने किती हवा सोडता येते ती तपासणी) करा, बसून आणि आडवं झोपवून. एफव्हीसी २० मिली/किलोच्या खाली, म्हणजे इथे १२०० मिली, तर आयसीयू. मान सावरते का, पाणी पिताना ठसका लागतो का, तेही बघा. मायस्थेनियाच्या अँटिबॉडीचे रिपोर्ट निगेटिव्ह आले तरी आजार नाही असं होत नाही. त्यांच्यासाठी उपचार अडवू नका. आणि ताप आला म्हणून सवयीने लिव्होफ्लॉक्सासिन किंवा ॲमिकासिन ही अँटिबायोटिक्स लावू नका, मायस्थेनिया भडकतो.

क्लिनिकल_फार्मसी:
हृदयाची शंका असेल तर मिथाइलप्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) रोज १ ग्रॅम, ३ ते ५ दिवस. पापणी, गिळणं, श्वास यांपैकी काही असेल तर आयव्हीआयजीही (शिरेतून द्यायच्या अँटिबॉडी): एकूण २ ग्रॅम/किलो, म्हणजे १२० ग्रॅम, पाच दिवस रोज २४. प्लाझ्मा एक्सचेंज (रक्तातला प्लाझ्मा काढून बदलणं) करायचं ठरलं तर आधी ते. आयव्हीआयजीच्या पाठोपाठ केलं की महागडं औषध पिशवीतून बाहेर जातं. मायस्थेनियात स्टिरॉइडने पहिले काही दिवस ताकद आणखी घटू शकते. स्टिरॉइड लांबणार असल्याने इन्फेक्शन टाळायला कोट्रायमॉक्साझोल, शुगरवर लक्ष, हिपॅटायटिस बी तपासणी.

डेकेअर_सिस्टर:
सीपीके ४,८००, जीजीटी नॉर्मल. इको नॉर्मल आलाय, ट्रोपोनिन आय यायचंय. आता घरी सोडता येईल का?

ऑन्को_फिजिशियन:
नाही. इको नॉर्मल असूनही मायोकार्डायटिस (हृदयाच्या स्नायूची सूज) असू शकतो. आजचा ईसीजी जुन्याशेजारी ठेवून पीआर (हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्यांत विद्युत संदेश पोचायचा वेळ) लांबलाय का, बंडल ब्रँच ब्लॉक (त्या संदेशाच्या वाटेतला अडथळा) नवा आहे का बघा. मॉनिटर लावूनच ठेवा; हार्ट ब्लॉक काही तासांत पूर्ण होऊ शकतो. ईसीजी आणि ट्रोपोनिन रोज. कार्डिॲक एमआरआय नंतर, स्टिरॉइड आधी.