मदत हवी आहे: 2021 च्या म्युकर (काळी बुरशी) ऑपरेशनचे कागद कसे मिळवायचे? (इंदूर)

रामबागकर:
शेजारच्या काकांसाठी विचारतोय. वय 61, मधुमेह. मे 2021 मध्ये कोविड, पाठोपाठ म्युकर. इंदुरातल्या एका खासगी दवाखान्यात डावीकडचा वरचा जबडा आणि डावा डोळा काढला. हाताशी फक्त एकपानी डिस्चार्ज समरी, तीत "सर्जरी डन" एवढंच. आता टाळूची प्लेट (पोकळी झाकणारी) नव्यानं करायची आहे. प्लेट करणारे डॉक्टर ऑपरेशन नोट आणि बायोप्सी रिपोर्ट मागतात. दवाखाना म्हणतो, तीन वर्षं झाली, रेकॉर्ड नाही. दिव्यांग कार्डही 30 टक्क्यांवर अडकलंय. सुरुवात कुठून करायची?

तुकोगंज_2:
तोंडी "नाही" ऐकून परत येऊ नका. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांत भरती पेशंटचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायचे आणि मागितल्यावर 72 तासांत द्यायचे असं आहे. ती मुदत 2024 मध्येच संपली, तेव्हा नियम दाखवून भांडू नका. पण तीन वर्षं ही किमान मुदत आहे. त्या दिवशी कपाट रिकामं करा असं कुठं लिहिलेलं नाही. पुष्कळदा गठ्ठे गोडाउनमध्ये पडलेले असतात आणि काउंटरवरच्या माणसाला तिथवर जायचा कंटाळा असतो.

अर्जात "फाइल द्यावी" लिहिलंत तर तीच समरी झेरॉक्स होऊन हातात येईल. एकेक कागद नावानं मागा: ऑपरेशन नोट, भूल दिल्याचा चार्ट, हिस्टोपॅथॉलॉजी (बायोप्सी) रिपोर्ट, रोजच्या औषधांचा चार्ट, सीटी-एमआरआयची सीडी. वर आयपीडी (भरतीचा) नंबर, भरती आणि सुट्टीची तारीख. सही काकांचीच हवी. तुम्ही जाणार असाल तर अधिकारपत्र आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती. एका प्रतीवर आवकचा ठप्पा घ्या, देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोच जपा. शेवटी एक ओळ नक्की घाला: "रेकॉर्ड नष्ट केले असल्यास तारखेसह लेखी कळवावे." असं लेखी द्यायला सहसा कुणी धजत नाही, मग शोधाशोध सुरू होते.

स्लाइडवाला:
दवाखाना सोडून बाकीची दारं आधी ठोठावा. बायोप्सी बाहेरच्या लॅबला गेली होती का, ते बिलात दिसेल. लॅबमध्ये मेणात बसवलेला तुकडा, म्हणजे ब्लॉक, सहसा कागदांपेक्षा जास्त दिवस टिकतो. रिपोर्ट हरवला तरी ब्लॉकवरून नवी काप घेऊन पीएएस किंवा जीएमएस हे बुरशी दाखवणारे रंग देऊन पुन्हा वाचता येतं. रुंद, पट्टीसारखे, काटकोनात फुटणारे तंतू म्हणजे म्युकर. बारीक, पडदे असलेले, तिरके फुटणारे असतील तर ॲस्परजिलस, ही दुसरी बुरशी. उपचार वेगळे, म्हणून डॉक्टर मागताहेत, उगाच नाही.

तेव्हा विम्याचा क्लेम केला होता का? टीपीएकडे (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणारी संस्था) पूर्ण केस पेपर गेलेले असतात. विमा कंपनीला क्लेम नंबर घालून ईमेल करा.

आणि औषधांचा चार्ट सोडू नका. ॲम्फोटेरिसिन (बुरशीवरचं औषध) एकूण किती गेलं आणि त्या काळात रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), पोटॅशियम किती होतं, हे मधुमेहवाल्याला पुढंही लागतं.

नारायणबाग:
मे 2021 मध्ये केंद्रानं राज्यांना म्युकर अधिसूचित (सरकारला कळवावा लागणारा) आजार करायला सांगितलं होतं, त्यामुळे सीएमएचओ (जिल्ह्याचा मुख्य आरोग्य अधिकारी) कार्यालयात काकांची नोंद असू शकते. माहितीच्या अधिकारात 10 रुपये भरून ती मागा, आणि कलम 2(एफ) चा हवाला देऊन त्या दवाखान्याकडचे कागदही. मध्य प्रदेशात खासगी दवाखान्यांना 1973 च्या कायद्याखाली परवाना सीएमएचओच देतो, म्हणून ती माहिती त्याला मागवून घेता येते. उत्तराला 30 दिवस.

181 वर (मुख्यमंत्री हेल्पलाइन) तक्रार टाकलीत तर एक सावधगिरी: फोन आला की काम झाल्याशिवाय "संतुष्ट आहे" म्हणू नका, तक्रार तिथंच बंद होते. त्यापेक्षा मंगळवारी कलेक्टर ऑफिसच्या जनसुनवाईत ठप्प्याची प्रत घेऊन जाणं बरं.

रामबागकर:
क्लेम केला होता, टीपीएचा विचारच सुचला नव्हता. आणि 30 टक्क्यांचं काय?

नारायणबाग:
एक डोळा गेला, दुसरा नीट, की 30 टक्के. सवलतींना 40 लागतात. दिव्यांग कार्डाच्या मेडिकल बोर्डात फक्त डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाहिलेलं दिसतंय. टाळू नसल्यानं बोलणं नाकात जातं, ते वाचा दिव्यांगत्वात मोजतात. जबडा-चेहऱ्याचे दोष त्या तपासणीत धरलेले आहेत. कान-नाक-घसा आणि स्पीच तपासणी लेखी मागा. सरळ बेरीज होत नाही, सूत्र लावतात. समजा बोलण्याचे 20 मिळाले: 30 + 20 × (90 − 30) ÷ 90, म्हणजे 43.3. आकडा बोर्ड ठरवेल, पण तपासणी राहून गेली असेल तर फेरअर्ज करण्यासारखा आहे.

स्लाइडवाला:
प्लेटसाठी एमवाय हॉस्पिटलजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात प्रोस्थोडॉन्टिक्स (कृत्रिम दात-प्लेट) विभागात विचारा. जुनी प्लेट टाकू नका, घेऊन जा, पोकळीचा अंदाज येतो. ती गरम पाण्यात धुऊ नका, ॲक्रिलिक वाकतं आणि मग पातळ वरण नाकातून येतं. जायच्या आधी तोंड किती उघडतं ते मोजा. वरच्या-खालच्या दातांत 35 मिमीपेक्षा कमी अंतर असेल तर मापाचा ट्रे आत जाणं अवघड. डॉक्टरांना विचारून आइसक्रीमच्या काड्यांचा व्यायाम सुरू करा: उरलेल्या दातांच्या बाजूला बसतील तितक्या काड्या ठेवायच्या, दर काही दिवसांनी एक वाढवायची. मधेच तोंडात काळं दिसलं, घाण वास आला किंवा गाल बधिर वाटला तर प्लेट राहू द्या, आधी कान-नाक-घसा गाठा.